लफ्फेदार अक्षराची पाणपोई

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरून पैठण गेटापर्यंत तुम्ही एकदा जरी पायी गेला असाल, तर माझं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. मिठाईच्या दुकानावर, बँडवाल्यांच्या गाडीवर, साड्यांच्या सेलच्या कापडी पट्टीवर, रसवंतीवर. उजवीकडं झुकलेलं, जाड होता होता एकदम बारीक होणारं आणि शेवटच्या वेलांटीचा शेपटा पार मागं भिरकावणारं. गिऱ्हाईक त्याला ‘ते लफ्फेदार अक्षर’ म्हणायचं. बोर्ड रंगवणाऱ्याचं तोंड कोणी बघत नाही, त्यामुळं मी तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी लिहा म्हणून तीनदा सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो की मी जन्मात कधी चार शब्दांच्या वर लिहिलेलं नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. विनय नव्हता. चार शब्दांच्या वर गेलं की सायकलवरचा माणूस वाचून व्हायच्या आत पुढं निघून जातो. आज पहिल्यांदाच चार शब्दांच्या वर जातोय, सांभाळून घ्या.

हे अक्षर मुळात माझं नाही. ते यासीनमियाँचं. पोलीस ॲक्शनच्या आधी, म्हणजे निजामाच्या राज्यात, हा माणूस औरंगाबादेत उर्दू बोर्ड काढायचा. तेव्हा दुकानं, दवाखाने, कचेऱ्या, सगळ्यांच्या पाट्या उर्दूत. मग पोलीस ॲक्शन झाली, हळूहळू शाळा मराठी झाल्या, कचेऱ्या मराठी झाल्या आणि दुकानदारांनाही मराठी बोर्ड हवेसे वाटायला लागले. यासीनमियाँना देवनागरीतला ‘क’सुद्धा येत नव्हता. पण हातातला ब्रश काही खाली ठेवता येत नव्हता. त्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाकडून चिठ्ठीवर मजकूर लिहून घ्यायचा आणि त्याचं चित्र काढावं तसं अक्षर काढायचं. तेही उजवीकडून डावीकडं, कारण हाताला सवय तीच. शेवटचं अक्षर आधी, पहिलं अक्षर शेवटी, आणि वरची रेघ उजव्या टोकाकडून डावीकडं एका झटक्यात. बाकीच्या पेंटरांना बोर्डाच्या शेवटी जागा कमी पडायची. यांना पडली तर सुरुवातीला पडायची. शहागंजात एका किराणा दुकानावर कितीतरी वर्षं एक ‘श्री’ भिंतीला चेंगरून उभा होता.

वाचता न येण्याचा घोळ एकदाच मोठा झाला. दामोदरशेठ नावाच्या कापडवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ‘दामोदर वस्त्र भांडार’, आणि खाली सूचना, ‘हे मोठ्या अक्षरात घ्यावे’. यासीनमियाँनी दोन्ही ओळी घेतल्या. दुसरी जरा जास्तच देखणी आली. दामोदरशेठ आधी तापले, मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, बघत बघत गार झाले आणि बोर्ड तसाच राहू द्या म्हणाले. पुढं आठवडी बाजाराला आलेली खेड्यातली माणसं दुकानात येऊन ‘मोठ्या अक्षरातलं धोतर’ मागायला लागली. ते धोतर टिकाऊ असतं असा बोलबाला झाला होता.

त्यानंतर यासीनमियाँनी मराठी वाचणारा माणूस ठेवायचं ठरवलं. तो मी. बिडकीनजवळच्या खेड्यातला, घरची शेती, थोरला भाऊ शेत बघायचा. मी बावीस वर्षांचा होऊन कारकुनीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेलो. चिठ्ठीतला मजकूर कुठला आणि सूचना कुठली, एवढं सांगणं हे माझं काम. पुढची तीन वर्षं मी फक्त वाचलं. मग एक दिवस त्यांचा खांदा आखडला आणि ‘तू खेंच’ म्हणून त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. मी लिहिलेलं त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. मी विचारलं, शब्द बरोबर आला का? ते म्हणाले, “मेरेकू मतलब नक्को, हर्फ की चाल होना.”

अक्षराची चाल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगतो. खारीच्या केसांचा लांब ब्रश असतो. तो टेकवला की बारीक रेघ येते, दाबला की केस पसरतात आणि रेघ पोट धरते, उचलला की पुन्हा बारीक. टेकव, दाब, उचल, या तिन्हीत कुठंही थांबायचं नाही. थांबलात की रंगाचा गोळा होतो आणि लांबूनसुद्धा कळतं की इथं पेंटर घाबरला. त्यामुळं हे अक्षर भीतभीत काढता येत नाही. ते नेहमी घाईत असतं, आणि ती घाई आनंदाची. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढणारा माणूस जसा पुढं झुकलेला असतो, तसं ते झुकलेलं असतं.

म्हणूनच ते कुठं लावायचं याला मर्यादा आहे. मिठाई, सरबत, कुल्फी, बँड, सर्कस, लग्नाच्या मंडपाची कमान, सणाची सूट, इथं त्याच्यासारखं दुसरं अक्षर नाही. दुकानाचं नाव त्यात घ्या, पत्ता घेऊ नका. दोन शब्द घ्या, तीन घ्या. सगळा मजकूर त्याच अक्षरात घेतला की दहा माणसं एकाच वेळी हसत हसत बोलल्यासारखं होतं, कळत काहीच नाही. मी गिऱ्हाइकांना एकच सांगायचो. हे अक्षर हसतं, ज्याला हसणं परवडतं त्यानंच लावावं.

परवडत नसणारेच जास्त हट्ट करायचे. कोर्टाजवळ एक तरुण वकील होते. त्यांना शेजारच्या मिठाईवाल्याचा बोर्ड फार आवडलेला. मी तासभर समजावलं की तुमच्याकडं माणूस अडचणीत सापडून येतो, त्याला उभं, सरळ, जाड अक्षर बघून धीर येतो. त्यांनी ऐकलं नाही. मी नाव काढून दिलं, खाली ‘ॲडव्होकेट’ही लफ्फेदार. महिन्याभरात आठ-दहा कुटुंबं नटूनथटून त्यांच्या ऑफिसात येऊन बसली. वकीलसाहेबांना वाटलं पक्षकार. ती फोटो स्टुडिओ समजून फोटो काढायला आली होती. त्यांनी बोर्ड बदलून घेतला तेव्हा मला म्हणाले, पेंटर, तुम्ही मला जरा जोरात सांगायला पाहिजे होतं.

पुढं कॉम्प्युटर आला. हातानं बोर्ड लिहून घेणारे कमी होत गेले, माझ्या बरोबरीचे पेंटर कोणी रिक्षा घेतली, कोणी घरांना डिस्टेंपर मारायला गेले. अशा वेळी मुक्ता माझ्याकडं आली. ही गारखेड्यातल्या एका प्राध्यापकांची मुलगी, मुंबईला अक्षरांचंच शिक्षण घेऊन आलेली. अक्षरांचंही शिक्षण असतं हे मला तेव्हा कळलं. तिनं गावातल्या माझ्या बोर्डांचे फोटो काढून वहीत चिकटवले होते. म्हणाली, पेंटरकाका, याचा फॉन्ट करू, म्हणजे तुमचा हात कॉम्प्युटरमधून कोणालाही लिहिता येईल. मी विचारलं, आणि माझा हात काय करील? ती म्हणाली, चहा घेईल.

पहिल्याच दिवशी आमचं अडलं. ती म्हणाली, ‘क’ काढा. मी विचारलं, कुणाचा? ती बघतच राहिली. मी म्हणालो, ‘कमल’मधला ‘क’ वेगळा, त्याला पुढं पळायचं असतं. ‘नाक’मधला वेगळा, तो शेवटी टेकतो. ती म्हणाली, कुणाचाच नाही, नुसता ‘क’. मी ब्रश घेऊन बसलो आणि मला नुसता ‘क’ येईना. तीस वर्षांत मी एकटं अक्षर कधी काढलंच नव्हतं. शेवटी मी आख्खे शब्द लिहायचे आणि तिनं त्यातून अक्षरं कापून घ्यायची, असं ठरलं. सात-आठ महिने हे चाललं. माझी बायको सुमन चहा घेऊन यायची आणि जमिनीवर पसरलेले अक्षरांचे तुकडे बघून विचारायची, आज कुणाचा मुडदा पाडला?

मुक्ताला एक गोष्ट मी पटवून दिली, तिचा मला अजून अभिमान आहे. हातानं लिहिलेल्या शब्दात तेच अक्षर दोनदा आलं तर दोन्ही सारखी नसतात. कॉम्प्युटरात ती जुळ्यासारखी येतात, आणि जुळी दिसली की वाचणाऱ्याला कळतं, हे कोणी लिहिलेलं नाही. तिनं मग ‘र’, ‘ल’ आणि वेलांट्या यांचे तीन-तीन नमुने बसवले, शेजार बघून नमुना बदलेल असे. फॉन्टचं नाव ‘लफ्फा’ ठेवलं. तयार झाल्यावर मी एका बोटानं माझं नाव टाइप केलं. पडद्यावर माझंच अक्षर उमटलं, मी न लिहिता. अंगावर काटा आला. चांगला की वाईट ते ठरवता आलं नाही.

फॉन्टच्या आत कर्त्याचं नाव लिहायची जागा असते. मुक्तानं विचारलं, काय घालू? यासीनमियाँ जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी म्हणालो, माझं घाल. तिनं विचारलं, एकट्याचं? मी ‘हो’ म्हणालो.  आयुष्यभर बोर्डाच्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही केली होती, एकदा मोठी करावीशी वाटली, एवढंच.

लफ्फा बाजारात आला आणि वर्षभरात गावातल्या प्रत्येक टायपिंगच्या, पत्रिकांच्या आणि फ्लेक्सच्या दुकानात पोचला. विकत थोड्यांनी घेतला, बाकीच्यांनी एकमेकांकडून उतरवून घेतला. आणि मग तो हवा तिथं नव्हे, दिसेल तिथं वापरायला सुरुवात झाली. मी सकाळी फिरायला निघालो की मला घाम फुटायचा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी खिदळत लिहिलेली की गेलेल्या माणसाला बक्षीस लागल्याचं वारसांनी कळवलंय असं वाटावं. ‘पुढे खोल खड्डा आहे’ हेही तसंच, ‘या बघायला’ म्हटल्यासारखं. एका दवाखान्यावर ‘मूळव्याध’. मी एकेका दुकानात शिरून सांगायचो, अरे बाबा, हे अक्षर इथं नको. पोरं विचारायची, काका, तुम्ही कोण? मी सांगायचो, मी हे अक्षर. ती एकमेकांकडं बघायची.

इथवर ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. वैशाखात ते नामदेव आचाऱ्याच्या जिवावर बेतलं.

नामदेव गारखेड्यातच राहायचा. लग्नाचे स्वयंपाक करायचा, पाचशे पान असो की हजार, त्याचं मीठ कधी चुकलं नाही. त्याच्या टेम्पोवरचं नाव मीच लिहिलेलं. एक दिवस दुपारी तो माझ्या दारात आला आणि चपला न काढता उंबऱ्यावरच बसला. एरवी बोलताना हात हलवणारा माणूस, त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बसला होता. त्यानं जे सांगितलं ते असं. तीन दिवसांपूर्वी गारखेड्यातल्या एका कार्यालयात लग्न होतं. मुलगी इथली, मुलगा वैजापूरचा, कांद्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचा. बासुंदीचा बेत. वऱ्हाड जेवून, नवरी घेऊन वैजापूरला गेलं आणि रात्रीपासून निम्म्या वऱ्हाडाचं पोट बिघडलं. नवऱ्या मुलालाही सलाईन लावावं लागलं. जिवाला कोणाच्या धोका नव्हता, दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले, पण व्याही उठून बसले ते चिडून. बासुंदी नासकी होती, मुलीच्या बापानं स्वस्तातला आचारी आणला, असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. मांडव परतणीला मुलीला माहेरी पाठवणार नाही, असा निरोप आला. मुलीच्या घरी चूल पेटलेली नव्हती, आणि नामदेवची पुढची चार लग्नं दोन दिवसांत सुटली.

“पेंटर, तीच बासुंदी पोरीकडच्या लोकांनी खाल्ली. माझ्या लेकरांनी खाल्ली,” नामदेव म्हणाला. “कुणाला काय बी झालं नाय. मग मी धुंडत बसलो, वैजापूरवाल्यांनी येगळं काय खाल्लं. खाल्लं काय बी नाय. पेलं.”

त्या दुपारी कार्यालयाचं पाणी संपलं होतं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येतं हे सांगायला नको, आणि टँकर उशिरा आला. तेवढ्या वेळात वऱ्हाड बाहेर पडलं आणि कार्यालयाच्या मागच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांना गार पाण्याची टाकी सापडली. टाकीला दोन तोट्या, वर कडुलिंबाची सावली आणि मोठा बोर्ड. माणसं पोटभर प्याली, बाटल्या भरून घेतल्या.

नामदेव मला ती टाकी दाखवायला घेऊन गेला. ती झाडांना घालायच्या पाण्याची टाकी होती. कॉलनीच्या बोअरमध्ये गटाराचं पाणी मुरायला लागल्यापासून तिथलं पाणी कोणी पीत नव्हतं, आणि बाहेरच्यांना कळावं म्हणून कॉलनीनं फ्लेक्सचा बोर्ड लावला होता. तो बनवणाऱ्यानं कुठल्यातरी पाणपोईचं तयार चित्र घेतलेलं. निळं आभाळ, काचेचा ग्लास, त्यावर थेंब. मजकूर सगळा लफ्फात. ‘हे पाणी पिण्यायोग्य’ एवढं भलंमोठं, डोलत, हसत. ‘नाही’ त्या ओळीत मावलं नव्हतं म्हणून खाली पिवळ्यात बारीक घेतलेलं, आणि त्याच्या वेलांटीचा शेपटा ओढून पार डाव्या कडेपर्यंत नेलेला. तो शब्द आहे हे मला कळायला वेळ लागला. आधी ती मला खालची नक्षी वाटली. मी स्वतः काढलेली वेलांटी मला वाचता आली नाही.

मी मुक्ताला फोन केला आणि बोर्ड कसा आहे ते सांगितलं.  ती म्हणाली की यात फॉन्टची चूक नाही काका, वापरणाऱ्याची आहे. तिचं बरोबर होतं. पण मी म्हणालो, आत नाव माझं एकट्याचं आहे ना. एकट्यानं घेतलेलं आहे. तेव्हा आता एकट्यालाच जायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी आणि नामदेव एसटीनं वैजापूरला गेलो. पिशवीत दोन पांढरे पुठ्ठे, काळ्या रंगाची बाटली आणि ब्रश. नामदेवला वाटत होतं मी बोर्डाचा फोटो दाखवीन आणि काम होईल. मला तसं वाटत नव्हतं, आणि तेच खरं निघालं. व्याही, म्हणजे कारभारीशेठ, मार्केट यार्डाच्या मागं राहायचे. ओसरीवर बसलेले, चेहरा अजून उतरलेला, शेजारी ताकाचा तांब्या. आत दारात त्यांची आई बसलेली, नव्वदीची. नामदेवला बघून कारभारीशेठ उठून आतच निघाले होते. मी म्हणालो, शेठ, याला नका ऐकू, माझं पाच मिनिटं ऐका, मी पेंटर आहे. पेंटरचा यात काय संबंध, हे ऐकायला ते थांबले.

मी फोटो दाखवला, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत गेले आणि शेवटी म्हणाले, “मी जुना मॅट्रिक हाय. तो बोर्ड मी सोता वाचला आन् मीच समद्यांना म्हणलो, या, पाणी चांगलं हाय. मला काय वाचता येत नाय व्हय?”

आता मला अडचण कळली. फोटो खरा मानायचा तर घरच्या कर्त्या माणसानंच आख्ख्या वऱ्हाडाला गटाराचं पाणी पाजलं, असं होत होतं. तेही सगळ्या भावकीसमोर, मॅट्रिक होऊन. बासुंदी नासकी असणंच त्यांच्या सोयीचं होतं. मी शेठकडं पाठ करून बसलो. ओसरीवर पुठ्ठे मांडले, ब्रश भिजवला आणि दोन पुठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहिला. एक उभा, जाड, ठोकळ्यासारखा. दुसरा माझ्या नेहमीच्या हाताचा, झुकलेला, शेपटा मागं टाकलेला. मग ते दोन्ही त्यांच्या आईसमोर धरले. आजींना वाचता येत नव्हतं हे मी आधीच विचारून घेतलं होतं. म्हणालो, आजी, या दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या समजा. उन्हातून आलाय, तहान लागलीय. कुठली घ्याल?

आजींनी दोन्ही नीट पाहिले. ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे अवशीद दिसतंय. मग लफ्फेदार पुठ्ठा हातात घेतला आणि म्हणाल्या, “ह्येच द्या मला. ह्ये लई गोड दिसतंय.”

कारभारीशेठनी तो पुठ्ठा आईच्या हातातून घेतला आणि वाचला. मी ‘विष’ लिहिलं होतं. दुसऱ्या पुठ्ठ्यावर ‘सरबत’ होतं.

 मी म्हणालो, “शेठ, तुम्ही वाचलं ते बरोबरच वाचलं. त्या अक्षरानं ‘या, प्या’ असंच म्हटलं होतं. चूक वाचणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे. ते अक्षर माझं आहे. मी माफी मागायला आलोय.”

हे शंभर टक्के खरं होतं असं नाही. तो बोर्ड मी बनवला नव्हता. पण शेठना उतरायला एक पायरी हवी होती, आणि ती होण्याइतका मी नक्कीच जबाबदार होतो. त्यांनी पुन्हा एकदा ‘विष’कडं पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. पोट दुखत असल्यामुळं ते पोट धरून हसले. आजी विचारत राहिल्या, काय लिवलंय, काय लिवलंय, आणि सांगितल्यावर त्याही हसल्या. नामदेव मात्र हसला नाही. तो भिंतीकडं तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होता. शेठनी त्याला हाक मारली आणि ताक पुढं केलं. मांडव परतणीला मुलगी कधी येईल, तो निरोप त्यांनी आमच्यासमोरच फोनवरून गारखेड्याला दिला, आणि बासुंदीबद्दल आपण चुकीचं बोललो असं स्पष्ट म्हणाले. मात्र पाणी कोणी प्यायला सांगितलं, ते त्या फोनवर त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही कधी कुठं सांगितलं नाही. आज लिहितोय, कारण आता शेठही नाहीत आणि त्यांचं नावही मी बदललेलं आहे.

परत आल्यावर मी कॉलनीच्या सेक्रेटरींना भेटलो. फ्लेक्स काढून टाका, मी पत्र्यावर हातानं बोर्ड लिहून देतो म्हणालो. निवृत्त गृहस्थ होते, लगेच तयार झाले. एवढंच म्हणाले की जरा छान काढा, कॉलनीची शोभा आहे. मी म्हणालो, छान काढणार नाही.

बोलणं सोपं होतं. शिडीवर चढलो, ‘हे पाणी पिऊ नका’ असं पहिल्या ओळीत सरळ घेतलं, ते जमलं. खाली कारण लिहायचं होतं, ‘पिण्यायोग्य नाही’, आणि ‘नाही’ मला सगळ्यात मोठं हवं होतं, लांबून आधी तेच दिसावं असं. मी ते काढलं, उतरून पाहिलं. ते हसत होतं. टर्पेंटाईननं पुसलं, पुन्हा काढलं. कमी हसत होतं, पण हसत होतं. माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं लोकांना ‘या’ एवढंच लिहीत आलो होतो, निरनिराळ्या शब्दांत. ‘नाही’ म्हणायची हाताला सवयच नव्हती. तिसऱ्यांदा पुसलं, घरी जाऊन सुमनची शिवणाची लाकडी पट्टी आणली आणि जन्मात पहिल्यांदा पट्टी लावून अक्षर काढलं. कान्याच्या जागी कान्यासारखा काना. वेलांटी आखूड, जागच्या जागी. लाल रंगाचे दोन हात दिले. वीत-वीत उंचीचं, खांबासारखं उभं, कुठंही न झुकलेलं. मी काढलेल्यांत इतका कुरूप शब्द दुसरा नाही.

मी शिडीवरून उतरून ब्रश धूत होतो. उन्हं कलली होती. पलीकडच्या बांधकामावरची एक बाई घागर घेऊन टाकीकडं आली. पाच-सहा पावलांवर थांबली, मान वर करून बघितलं आणि घागर कमरेवर तशीच रिकामी सावरून माघारी फिरली. बोर्ड कोणी लिहिला, हे तिनं विचारलं नाही.